तीन मिलिमीटर

जुईनगरच्या इस्पितळात, दुसऱ्या मजल्यावर,
रेकॉर्ड रूमच्या मागे
पोलादी टेकूच्या पोटात तिरका पडून आहे
डॅम्पर क्रमांक अकरा.
वर्षातून एकदा मी त्याच्याकडे येते:
टॉर्च, पांढरं फडकं, वही
आणि बोल्ट आवळून पाहायचा लांब पाना.

फडकं सांध्यावरून फिरवायचं.
पांढरंच राहिलं तर लिहायचं, ठीक.
सात वर्षं मी ‘ठीक’ लिहिते आहे.
इतक्या कोरड्या कामाचा पगार मिळतो
हे आमच्या घरी अजून कुणाला नीट पटलेलं नाही.

हसुराम म्हात्रे, रात्रपाळीचा रखवालदार,
पहिल्या वर्षी विचारायचा,
“यो पंप चालू कंदी व्हनार गो?”
म्हटलं, याला बटण नाही, वीज नाही, पाळी नाही.
जमीन हलली तर हा हलेल,
नाहीतर नाही.
“मंग माझ्यासारकाच,” म्हणाला,
आणि खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसला.

जमीनही त्याच्याच ओळखीची.
आज जिथे एक्स-रेची रांग लागते
तिथे त्याचा बाप मीठ ओढायचा.
खाली अजून तोच काळा चिखल,
वर डोंगरातून आणलेल्या दगडांचा भराव.
चिखल धक्का गिळत नाही, वाढवून सांगतो,
गावातल्या बातमीसारखा.
इमारत उभी राहून पंधरा वर्षं झाल्यावर
हे कुणाच्या तरी ध्यानात आलं,
मग भिंती फोडून ही चोवीस नळकांडी बसवली.

पुस्तकात याला अवमंदन म्हणतात.
हसुरामला मी माझ्या परीने सांगितलं:
आत दाट तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोकं.
इमारत डोलली की दट्ट्या तेलातून रेटत जातो,
तेल भोकांतून कुरकुरत वाट देतं
आणि धक्क्याचा जोर ऊब होऊन तेलात राहतो.
“म्हंजे मुरवतं.”
एवढं शिकून मला हा शब्द सुचला नव्हता.
लोणचं मुरतं, ओल मुरते,
आणि पाणी नेमकं कुठे मुरतंय
ते शोधायलाच तर मी फडकं घेऊन फिरते.

उद्घाटनाला कुणी पाहुणा भाषणात म्हणाला होता,
घरातली बाईसुद्धा अशीच सगळं सोसते.
टाळ्या पडल्या.
मी वाजवली नाही.
डॅम्परच्या अंगावर कोरलेलं असतं
किती टन, किती वेग, किती अंतर;
त्यापुढे त्याच्याकडून काही मागायचं नसतं.
आणि वर्षातून एकदा कुणीतरी येऊन
विचारतं, कुठे गळतंय का.

यंदा मार्चमध्ये, एका मंगळवारी पहाटे,
जमीन हलली.
पेपरात ओळसुद्धा नाही.
वरच्या वॉर्डात सलाइनच्या बाटल्या डोलल्या,
एका बाळंतिणीने विचारलं, पलंग कुणी ढकलला?
हसुरामला वाटलं, खाणीत सुरुंग उडाला,
मग आठवलं, खाण बंद होऊन जमाना झाला.

मी पोचले तेव्हा दुपार होती.
नळकांड्यावरच्या सुईने पत्र्यावर रेघ ओढली होती,
तीन मिलिमीटर.
जागा दीडशेची ठेवलेली आहे.
दट्ट्या आणि भिंत यांच्यामध्ये कोळ्याचं जाळं,
मागच्या वर्षी ‘काढावे’ असं लिहून मी काढलं नव्हतं,
ते शाबूत.
थोडं ताणलं गेलं असेल, परत आलं असेल.
कोळी मधोमध बसलेला.

“पहाटं हात लावलेला मी,” हसुराम म्हणाला,
“कोमट व्हतं.”
तीन मिलिमीटरच्या हिशोबात
एका अंशाचा शंभरावा भागही निघत नाही.
मी वाद घातला नाही.
मीही हात ठेवून पाहिला. थंड.

शेऱ्याच्या रकान्यात आधी लिहिलं, मुरवलं.
ऑफिसात कुणाला कळणार नाही म्हणून खोडलं.
हालचाल तीन मिमी, गळती नाही.
पाना खांद्यावर टाकला
आणि बारा नंबरकडे गेले.