मोकळी जागा

वेर्ण्याच्या पठारावर, दुसऱ्या मजल्यावर,
अठरा अंशांत स्वेटर घालून बसते मी.
काचेपलीकडे तीन यजमान:
साळ, तळपण, गालजीबाग.
नावं आग्नेलने ठेवली. तो आता स्विंडनला
कुठल्याशा गोदामात खोकी मोजतो.
एकेका यजमानाच्या पोटात पंधरा-वीस पाहुणे,
प्रत्येकाला वाटतं, अख्खं घर आपलंच.

दर वीस सेकंदांनी मी विचारते,
किती राबलास? मेमरी किती उरली?
डिस्कवर लिहायला किती वेळ लागला?
ते आकडे देतात, कुरकुर न करता,
आणि भिंतीवरच्या पडद्यावर रेषा सरकते,
कालचा दिवस डावीकडून ढकलून देते.
सगळं हिरवं. साळ बेचाळीस टक्के.
साहेब येतात, हिरवं बघतात, जातात.

फक्त फिलोमेना फोन करते,
फोंड्याच्या इस्पितळातून, केसपेपरच्या खिडकीमागून:
"आयज परतून अडकलां गो."
मी रेषेकडे बघते. रेषा म्हणते, कुठे काय?
"इथे तर ठीक दिसतंय," मी म्हणते.
"तुका थंय दिसता. हांगा लोक उबे आसात."

आठवडाभर हेच.
तिच्या पाहुण्याला चार कोर होते,
मी आठ केले.
अडकणं वाढलं.

मग एका बुधवारी, सव्वासातला,
मडकईच्या धक्क्यावर फेरीबोट लागली.
आधी स्कूटर चढल्या, मासळीचा टेम्पो,
मग कुणाची तरी नवी कोरी गाडी, हार अजून ओला.
डेकवर मध्ये जागा उरली, दोन गाड्यांपुरती.
शाळेची बस मात्र उतारावरच,
इंजिन चालू, पोरांचे हात खिडकीबाहेर.
खलाशी वैकुंठने पंजा हलवला: पुढची!
आणि त्या उरलेल्या जागेत
मागून आलेल्या पाच स्कूटर घुसल्या.
त्यातली एक माझी.

पाण्यावर मधोमध आल्यावर सुचलं:
बोटीचा हिशेब चोख आहे,
डेक पाऊण भरलेला, फेरी वेळेवर.
बसचा हिशेब कुणी लिहीतच नाही.

कुठ्ठाळीला उतरून हेल्मेट न घालताच निघाले.
पोचल्या पोचल्या यजमानाकडे मागितली
ती रेषा, जी आम्ही कधी काढलीच नव्हती:
पाहुणा तयार होता, पाळी आली नाही,
असे क्षण किती?
रेषा आली. साडेनऊला
माडावर चढणाऱ्या पाडेलीसारखी थेट वर,
आणि दुपारी एकपर्यंत खाली उतरायला तयार नाही.
आठ हात घेऊन उभा होता बिचारा,
आठ जागा एकदम सुटायची वाट बघत,
आणि दोन-दोन हातांचे बाकीचे
बगलेतून निसटत होते.
ते आठ हात मीच दिले होते.

सहा काढून घेतले.
साहेबांना पटवायला दोन दिवस गेले
की कमी दिलं की पळतो. ते म्हणाले, "लेखी द्या."

फिलोमेनाने फोन केला नाही.
तीन दिवसांनी मीच केला.
"आतां बरें," म्हणाली, एवढंच.
मी म्हटलं, एक काम कर,
खिडकीसमोर किती माणसं उभी आहेत,
दर दहा मिनिटांनी रेघा ओढ.
माणसांचे आकडे देणारं
यंत्र माझ्याकडे नाही.

तिने कॅलेंडरच्या पाठीवर ओढल्या, पेन्सिलीने,
आणि फोटो पाठवला. कोपऱ्यात बांगड्यांचा भाव.
मी तो पडद्यावर साळच्या रेषेखाली जोडला,
एकेक रेघ मोजून, हाताने.
अकरा ते साडेअकरा काहीच नव्हतं.
बाजूला लिहिलेलं: पाव आणूंक गेल्लें.

प्रोग्राम म्हणाला, इथे शून्य भरू का?
नको म्हटलं.
माणसं तेव्हाही उभी असतील. मोजणारी नव्हती.
रेषा तिथे तुटते,
मी तशीच ठेवली आहे.