डाव्या कानाचं मत

कॅनडा कॉर्नरला झेरॉक्सच्या दुकानात
शटर अर्धं खाली आलं की आमची सभा भरते.
विषय शहाऐंशी सालापासून तोच :
जगातली सर्वांत थोर रॉक तबकडी कोणती.
ऐकायचं आपापल्या घरी, भांडायचं इथे.
चहाचे पैसे हरणाऱ्याने द्यायचे ठरलंय,
आणि हरलं अजून कोणीच नाही,
म्हणून उधारी टपरीवरच्या हिरामणच्या वहीत
चौथ्या पानावर गेलीय.

एलिया साळवे शरणपूरचा. रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवतो,
बाकी सहा दिवस दोन तबकड्यांच्या त्या जाडजूड अल्बमची बाजू घेतो.
सुनंदा कोठुळे, दुकान तिचंच,
ती म्हणते, चाळीस मिनिटांच्या वर गेलं
की ते थोर नसतं, लांबलेलं असतं,
साखरपुड्यातल्या भाषणासारखं.

मी नोटप्रेसात तपासनीस होतो.
एकतीस वर्षं ताव उजेडाला धरून
चुकलेली एक रेघ शोधली.
माझी कसोटी तीच :
सुई टेकल्यापासून उचलेपर्यंत
रद्द करावं असं एकही गाणं नको.
असा अल्बम मला एकच सापडला.
त्यातही एक आहे,
पण ते मी यांना सांगत नाही.

आणि चांदवडकर, ओझरचा,
विमानाचं इंजिन चाचणीला लावलं की त्याच्याशेजारी उभा राहणारा.
त्याचं मत एका निळ्या कव्हरला,
देवळाली कॅम्पात बदली झालेल्या कुणा मेजरच्या
सामानातून साठ रुपयांना घेतलेल्या.
क्वार्टरच्या भिंती पातळ, म्हणून कायम हेडफोनवर.
"दुसऱ्या बाजूचं तिसरं," तो म्हणायचा,
"गिटारशिवाय आख्खं गाणं! छाती लागते.
आणि शेजारच्या खोलीत कोणीतरी बसलंय, ऐका."
आम्ही ऐकलं. गिटार तर बोंबलत होती.
शेजारची खोली वगैरे काही नव्हती.
एलिया म्हणाला, तुझी तबकडी बनावट.
मी म्हणालो, तुझं डोकं.
एका पावसाळ्यात तो सात शनिवार आलाच नाही.

परवा आला. मुंबई नाक्याच्या कानाच्या डॉक्टरांकडून थेट.
कागद झेरॉक्सच्या काचेवर ठेवून म्हणाला, दोन काढ.
आलेखावर दोन रेघा :
डावी वयाप्रमाणे उतरत गेलेली,
उजवी सुरुवातीलाच तळाला.
चौऱ्याऐंशीपासूनचं असणार, म्हणाले. इंजिनाजवळची बाजू.
"बायकोला वाटायचं, मी मुद्दाम ऐकत नाही."

यंत्राचा हिरवा उजेड दोनदा सरकला.
सुनंदाने पैसे घेतले नाहीत.
एलिया म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं तू अर्धाच..."
आणि उरलेलं चहाबरोबर गिळलं.
चांदवडकर प्रती घडी करत होता.
"अर्धा कसला," म्हणाला,
"तुम्ही दोन एकदम ऐकत होता."

रात्री जेल रोडच्या घरी मी निळं लावलं.
डावा कानात, उजवा मुठीत.
गिटार गेली.
राहिला एक बारका ऑर्गन, ढोलाची कातडी,
आणि दीडेक मिनिटावर
खुर्ची करकरली.
कोणीतरी घसा साफ केला, वाजवायचं राहूनच गेलं,
पण उठून गेलं नाही, गाणं संपेपर्यंत तिथेच बसलं.
मुठीत गिटार रातकिड्यासारखी किरकिरत होती,
मी मूठ आवळली.
ताव उजेडाला धरावा तसं
पुन्हा पुन्हा ऐकलं.
चुकलेली रेघ नव्हती.

या शनिवारी चहा मी सांगितला. चार.
पैसेही मीच दिले.
सुनंदाने पाहिलं, एलियाने पाहिलं,
का ते कोणी विचारलं नाही.
चांदवडकरने डावा कान माझ्याकडे केला,
जरा थांबला,
मग हिरामणला हाक मारून म्हणाला,
वही घेऊन ये रे,
चौथं पान.