मध्यगा

फ्रँकफर्टच्या कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर
मी केंटकीचा नकाशा रंगवते.
एकशेवीस काउंट्या, हिरव्याच्या पाच छटा.
जिथे घरटी उत्पन्न जास्त, तिथे शेवाळासारखा गर्द,
कमी, तिथे सोललेल्या ओल्या हरभऱ्याइतका.
ग्रेडी म्हणतो, फिका अजून जरा फिका कर,
छापल्यावर फरक दिसला पाहिजे.

मध्यगा.
शाळेत हा शब्द पहिल्यांदा ऐकला
तेव्हा नदीचं नाव वाटलं होतं,
किंवा कधीच हात वर न करणाऱ्या एखाद्या मुलीचं.
सगळी घरं रांगेत उभी करायची, गरीब आधी,
आणि नेमकं मधलं शोधायचं.
सरासरीचं तसं नाही. सरासरीला घोड्यांचा एखादा मालक
अख्ख्या खोऱ्यासकट वर उचलून नेतो.
मध्यगा जागची हलत नाही.
तिच्या घरात कोण राहतं, हे मात्र कुणी विचारत नाही.

ऑक्टोबरात, उत्तर न आलेला एक फॉर्म घेऊन
मी पूर्वेला गेले. तीन तास.
रस्ता डोंगराला इतके वळसे घालत होता
की फोनने दिशा सांगणं सोडून दिलं.
वॉनेटा स्लोन ओसरीवर बसून
दोऱ्यात शेंगा ओवत होती, वाळवायला.

कुटुंबात माणसं किती?
(माझे आजोबा बायकोलाच कुटुंब म्हणायचे. सोपं होतं.)
ती बोटं मोजू लागली आणि मध्येच थांबली.
डेलला धरायचं का? लेक.
सोमवार ते गुरुवार लुइव्हिलच्या पलीकडे,
माझ्या नकाशातल्या त्या गर्द हिरव्यात,
मोठ्या घरांवर छपरं चढवतो,
ट्रकमध्ये झोपतो, शुक्रवारी घरी.
मग तीन दिवस धर, ती म्हणाली.
माणसाचे सात भाग करायला
फॉर्मवर जागा नव्हती.

उत्पन्न?
खाणीने नवऱ्याची फुफ्फुसं ठेवून घेतली,
त्याचा दरमहा चेक.
डेलचा पगार, पाऊस नसला तर.
शेजारच्या होबर्टने ब्रेक बसवून दिले,
हिने वर्षभर त्याच्या आईचे केस कापले,
ते कुठे लिहायचं?
कुठेच नाही, मी म्हटलं.
रागावली नाही. फक्त पाहिलं,
भाजीवाली पाहते तसं,
सुट्टे मोजता न येणाऱ्या पोराकडे.

आणि तुझं किती?

नऊ वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.
आम्ही दोघं, दोन पगार,
आणि एक खोली, जिच्यात
इस्त्रीचं टेबल एकटंच राहतं.
मी आकडा सांगितला,
जरा फिका करून.

निघताना तिने बरणी हातात ठेवली,
मक्याच्या दाण्यांचं आंबट लोणचं.
नियम आहे : भेट मिळाली तर नोंद करायची,
अंदाजे किंमत.
मी चार डॉलर लिहिले. मग खोडून सहा केले.
हे सहा कशाचे, ते माझं मलाही कळलं नाही.

नकाशा छापून आला.
तिची काउंटी पुरेशी फिकी आहे, ग्रेडी खूश आहे.
लोणचं आठ दिवसांत संपलं.
बरणी धुऊन ओट्यावर उपडी घातली आहे.
परत करायला हवी, पण आपल्यात
रिकामं भांडं परत करत नाहीत.
म्हणून रविवारी शेंगदाण्याचे लाडू वळले, अकरा.

तीन तास लांब आहे.
आठवडाभरात आम्हीच संपवले.
बरणी अजून उपडीच.