शेरा

पटसंख्या सात. तेव्हा शाळा नंबर चार
नंबर एकमध्ये विलीन, असं पत्र आलंय.
दप्तर सोपवायचं तर यादी हवी,
म्हणून कपाट उघडून बसलोय
नाकाला रुमाल बांधून, जुन्नरच्या टळटळीत दुपारी.

घंटा एक (रुळाचा तुकडा, वर भोक).
नकाशे तीन, एकावर अजून मुंबई इलाखा.
जनरल रजिस्टरं अकरा. पहिल्याची पानं
पापडासारखी, उचलली की मोडतात.

मोडी मला अडखळत येते,
तरी देवस्थळी मास्तरांचं अक्षर आता ओळखतो.
प्लेगच्या साली त्यांच्या ओळी तिरक्या जातात.
शाळा तेव्हा गावाबाहेर, मांडवात.
चौदा नावांपुढे एकच शब्द, मयत.
पंधराव्यापुढे शाई सांडलेली.

जन्मतारीख विचारली की आया सांगायच्या,
पोळ्याच्या आदल्या दिवशी,
तांबडी गाय व्याली तेव्हा.
मास्तर लिहायचे एक जून.
अर्धं गाव एक जूनला जन्मलं
आणि एकतीस मेला एकदम रिटायर झालं.

चार वाजता एक बाई आल्या,
प्राजक्ता रोकडे, पिंपरीहून,
कंपनीचं ओळखपत्र गळ्यातच राहिलेलं.
मुलाच्या जातपडताळणीला पणजोबांची नोंद हवी.
तिसऱ्या रजिस्टरात सापडले:
सटवा बिन राणू. वय अदमासे आठ.
शेरा: पडवीत बसतो.
शाळा सोडण्याचे कारण: पावसाळा.

मी उतारा लिहायला घेतला.
शेऱ्याचा रकाना नव्या नमुन्यात बोटभर,
रिकामा सोडला तरी कुणी विचारत नाही.
सोडणारच होतो.
बाई म्हणाल्या, 'तेही लिहा. आहे तसं.'

मग विचारलं, 'कुठली पडवी?'
पडवी एकच. फरशी नवी,
कोपऱ्यात खिचडीच्या तांदळाची पोती.
चपला काढून त्या पोत्यांशेजारी टेकल्या,
खिडकीतून आत बघत राहिल्या.
'फळा अर्धाच दिसतो हो इथून.'

एकतीस वर्षं मी या शाळेत.
त्या गेल्यावर जाऊन बसलो. गुडघे कुरकुरले.
अर्धाच दिसतो. डावीकडचा.

यादीत इमारत धरत नाहीत.
तरी लिहिलं: पडवी, एक.
घंटेखाली जागा होती.