छप्पन्न

बाहेर उणे सव्वीस. हेल्वीने करवत काउंटरवर ठेवली
आणि पात्यावरचं बर्फ वितळून
माझ्या पावतीबुकावर टपकू लागलं.
"साखळी तुटली," म्हणाली. "अशीच दुसरी दे."

कुह्मोच्या या दुकानात एकतीस वर्षं
मी हेच ऐकतो, अशीच दुसरी,
आणि हेच विचारतो, अशीच म्हणजे कशी?

पात्यावर कोरलेले आकडे घासून गेलेले.
मग सगळं मुळापासून मोजावं लागतं.
लागोपाठचे तीन रिव्हेट घ्यायचे,
पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंतचं अंतर, त्याचं निम्मं:
ते साखळीचं पाऊल.
मग खोबण. जाड साखळी तिच्यात शिरतच नाही,
बारीक शिरते, पण आत डुलते,
आणि लाकडातली रेघ
दारू प्यायल्यासारखी एका अंगाला जाते.
राहिले खालचे दुवे.
त्यांना कुठलं यंत्र नाही. नख लावायचं आणि मोजायचे,
एकेक.

हेल्वीने मोजले. अठ्ठ्याहत्तर.
मी मोजले. सत्त्याहत्तर.
तुटलेला एक तिच्या कोटाच्या खिशात होता,
रुमालाच्या गाठीत, नाणं बांधावं तसा.

म्हणजे वीस इंची पातं.
इंजिन पंचेचाळीस सीसीचं.

हे पातं मीच विकलेलं.
अकरा वर्षं झाली, ऑक्टोबर होता, पैसे ओइवाने मोजून दिले.
"सगळ्यात लांब कुठलं?" एवढंच त्याने विचारलं होतं.
त्याचा भाऊ आर्वो दाराशी उभा,
हातात स्वतःची मोठी करवत, उगाच,
दुरुस्तीचं काहीच नसताना.
मला ठाऊक होतं, हे इंजिन एवढी साखळी ओढताना धापा टाकेल,
तेल टोकाला पोचणार नाही,
नाक जड होऊन करवत सारखी पुढे ओढेल
आणि तिला सावरताना माणसाचा खांदा जाईल.
ठाऊक होतं.
खुंटीवरून काढलं, पुसलं, गल्ला उघडला.

आता त्या पात्याचं टोक निळं पडलंय, तापून तापून.
हेल्वी त्यावरून अंगठा फिरवते.
"दर शनिवारी, सौनानंतर, मी त्याचा खांदा चोळायचे," म्हणते.
"तो म्हणायचा, वय झालं."

किटलीतली कॉफी उगाच ढवळली मी.
तिच्यात साखर नव्हती.

"तू काय कापतेस?"
"बर्च. जळणापुरते."
"केवढे?"
"मांडीएवढे." मग जरा थांबून,
"माझ्या. ओइवाच्या नव्हे."

तेरा इंची पातं काढून तिच्यापुढे ठेवलं.
तिने ते हातात तोललं, तोंड वाकडं केलं:
एवढंसं? हे तर पाव कापायचं.
म्हटलं, इंच वाढले म्हणून जोर वाढत नाही,
आहे तोच जोर जास्त दातांत वाटला जातो.
आणि एखादं थोराड झाड आलंच तर?
तर एका बाजूने अर्धं, पलीकडे जाऊन अर्धं.
"पलीकडे जायचं," ती म्हणाली.
ओइवाला हे कुणी सांगितलं नव्हतं का,
असं तिने विचारलं नाही.
विचारलं असतं तर बरं झालं असतं.

पावतीवर मी फक्त साखळी लिहिली.
तिने चष्मा लावला. वाचली. शेवटच्या कोऱ्या ओळीवर
बोट टेकवून उभी राहिली,
माझ्या पेनाचं टोक कागदाला लागेपर्यंत.
"पातंही लिही."
लिहिलं.
पूर्ण किंमत?
पूर्ण किंमत.

मग तिने हातमोजे काढून नवी साखळी
काउंटरवर पसरली आणि नखाने
एकेक दुवा पुढे सारत गेली, ओठ हलवत,
बाहेर तिचं वाहन गोठत असताना.
"छप्पन्न," म्हणाली,
आणि साखळी माझ्याकडे सरकवली.
"आता तू."