आठपैकी आठ

हेल्वे आत्या आभाळाचे आठ तुकडे करायची.
सुरीशिवाय. अंगणात उभी राहून,
लोकरी टोपी मागे सारून,
आणि त्यातले किती ढगांनी खाल्ले ते वहीत लिहायची.
शून्य म्हणजे निरभ्र. जानेवारीत शून्य क्वचित,
पण आलं की दाराची कडी बोटांना चिकटायची.
नऊ हाही आकडा होता.
आठांतले नऊ कसे, मी विचारलं. शाळेत होतो तेव्हा.
"नऊ म्हणजे आभाळ आहे की नाही तेच दिसत नाही.
धुकं, नाहीतर हिमवादळ.
तेव्हा मोजायचं नसतं, कबूल करायचं असतं."

तूलेलाइद बेटावर घरं एकेचाळीस,
रेडिओ त्याहून जास्त.
सव्वासहाला बातम्या संपल्या की तिचा आवाज:
उणे सात, वारा नैऋत्येकडून,
ढग आठपैकी तीन, उंचावरचे.
'छान हवा' असं ती कधी म्हणाली नाही.
छान कुणासाठी, विचारायची,
जाळं टाकणाऱ्यासाठी की माशासाठी?

त्या वर्षी सोमवारी सिरस आले,
मेंढरं कुंपणातून घुसताना
तारेला लोकर अडकून राहते ना, तसे.
मंगळवारी रात्री चंद्राला खळं.
बुधवारी सूर्य होता, पण तेलकट कागदामागचा,
कशाचीच सावली पडेना, धुरांड्याची ना कुत्र्याची.
गुरुवारी निंबोस्ट्रॅटस. दिवसभर हिम,
सावकाश, जुनी उधारी फेडणाऱ्यासारखं.
शुक्रवारी ते थांबलं आणि स्ट्रॅटस उतरला,
करडा, शिवण नसलेला, इतका खाली
की चर्चच्या मनोऱ्यावरचा पत्र्याचा कोंबडा त्याला टोचेल असं वाटलं.

शुक्रवारीच एंदेल आला.
बोट दुरुस्तीला गेलेली, सामुद्रधुनी गोठलेली,
पलीकडे हापसालूच्या इस्पितळात त्याची लेक उर्वे
आदल्या रात्री बाळंत झालेली.
गाडी सुरूच ठेवून तो दारात उभा.
मागच्या सीटवर पाळणा, त्यानंच तासलेला,
एक पाय दुसऱ्यापेक्षा बोटभर आखूड.
बर्फावर गाडी घातली की कमरेचा पट्टा सोडायचा,
हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.
"अंदाज नको," तो म्हणाला. "जाऊ की नको, तेवढं सांग."

अंदाजात 'जाऊ नकोस' हे शब्द नसतात.
पत्रकात होतं: उणे दोन, वारा मंद, दृश्यता दहा किलोमीटर.
पत्रकाची जायला हरकत नव्हती.

आत्या त्याला धक्क्याच्या टोकाशी घेऊन गेली. मी मागे.
तो बर्फाकडे बघू लागला.
"खाली नको. वर बघ."
ढगाचं पोट सगळीकडे फिकट,
बर्फाचा उजेड खालून अंगावर घेतलेलं.
फक्त पूर्वेला, अर्ध्या वाटेवर, काळसर काहीतरी,
भिंतीला ओल यावी तसं.
"तिथे बर्फ नाही," ती म्हणाली. "पाणी आहे.
आपल्याला दिसत नाही. त्याला दिसतंय."

एंदेल बराच वेळ मान वर करून राहिला.
मग जाऊन त्यानं गाडी बंद केली.
आमच्या फोनवरून उर्वेला सांगितलं, ढग आहेत.
एवढंच. उर्वे याच बेटावरची, तिला पुरलं.
पाळणा तीन आठवडे आमच्याकडे राहिला,
मांजर त्यात झोपली.

पाणी खरंच होतं का, कुणी जाऊन पाहिलं नाही.
रविवारी वारा फिरला, सगळाच बर्फ मोडला,
असेल तो पुरावा वाहून गेला.

आता अंगणात एक पेटी आहे.
ती सरळ वर किरण सोडते,
ढगाची उंची मीटरमध्ये सांगते, आणि बरोबर सांगते.
पूर्वेला मान वळवणं तिच्या कामात बसत नाही.
पेटीवरचं हिम झाडायला मी जातो,
त्याचा मला पगार मिळतो.

आत्याच्या वह्या माझ्याकडे आहेत.
त्या शुक्रवारची नोंद:
८/८. स्ट्रॅटस. पूर्वेला पोट काळं. एंदेल घरी.
शेवटचे दोन शब्द
खात्यातल्या कुणीतरी लाल शाईनं खोडलेत,
आणि समासात लिहिलंय:
हवामानाशी संबंध नाही.