मोरपिशी ड्रेस

अठराव्या दिवशी घरात सगळ्यांनी
कडक भाकरी चुरली, शेंगाचटणीवर दही ओतलं,
आणि मी औषधाच्या झाकणाने
मुगाचं पाणी पीत बसले.
नणंद म्हणाली, पैसे मोजून उपास विकत घेतलास.

रात्री फोन श्रीलता यमुलचा.
"किती झालं?"
"तीन झाकणं."
"घाई नको. शेजारचा माग चालू आहे ना?
वीस खटके मोज, मग पुढचा घोट."
अशोक चौकामागच्या त्या गल्लीत
एकशेऐंशी खटक्यांत माझी वाटी संपली.

गुरुवारी कंबर तलावाच्या कट्ट्यावर आम्ही पाच जणी.
कुणाचे केस गळतात, कुणाचं कातडं लोंबतं,
इरम्माच्या स्वप्नात अजून जिलेबी येते.
हसतो, पोटावर हात दाबून.

एक मोरपिशी ड्रेस आमच्यात फिरतो.
जिला होईल तिचा, सैल झाला की पुढचीला.
आत ज्याच्या-त्याच्या हातच्या टिपा.
माझी लाल दोऱ्याची, घरात तोच होता.

दिवाळीनंतर महानंदा आलीच नाही.
चौथ्यांदा फोन उचलला तिने:
वजन परत आलं गं,
कुठल्या तोंडाने येऊ.

शमशादने ड्रेस माझ्याकडून मागून घेतला,
रात्रभर बसून एकेक टीप उसवली.
सकाळी विजापूर रोडला, महानंदाच्या दारात,
घडी तिच्या हातावर ठेवत एवढंच विचारलं,
"आज पाणी किती पिलीस?"